तीन पायांवर उभा राहिलेला बंगला

मित्रांनो, आधी माझ्या पायांकडे बघा. तीन आहेत, आणि तिन्ही अजून ताठ आहेत. दुकानाच्या बिलावर माझे नाव 'ट्रायपॉड' असे होते म्हणे, पण कर्जतच्या बाजारात मला त्या नावाने कुणी हाक मारली नाही. इथे मी स्टँड. कॅमेरा डोक्यावर घ्यायचा आणि तसूभरही हलायचे नाही, हे माझे काम. सोपे वाटते ना? एकदा मिनिटभर न हलता उभे राहून बघा, मग बोलू.

मला कमलेशभाऊंनी आणले. त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि वीस वर्षे तालुक्यातल्या लग्नांत त्यांच्याशिवाय पान हलत नव्हते. मांडवात ही गर्दी! मग भाऊ माझे पाय शेवटच्या टोकापर्यंत ताणायचे, स्वतः खुर्चीवर चढायचे आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून नवरा-नवरीला टिपायचे. फोटो काढावा तर वरूनच, हा त्यांच्या घराचा नियमच होऊन बसला. माझ्या सांध्यांत अक्षता अडकायच्या, कुणी कौतुकाने मला कुंकवाचे बोटही लावायचे. मी भलताच मिजाशीत होतो.

पुढे ज्याच्या-त्याच्या खिशात मोबाइल आला. स्टुडिओत पासपोर्टचे फोटो तेवढे उरले आणि मला माळ्यावर टाकले. शेवटच्या लग्नात पाऊस आला होता, त्याचे पाणी पायांत तसेच राहिले होते. दोन पावसाळे मी तिथे गंजत पडलो. रुसलो होतो, खोटे कशाला बोलू?

मला खाली काढले ते प्राचीने, भाऊंच्या लेकीने. आमच्या कर्जत-खालापुरात हल्ली जिकडे बघावे तिकडे विकाऊ बंगले. प्राची मोबाइलवर त्यांच्या जाहिराती बघायची आणि कपाळावर हात मारायची. एका फोटोत दोरीवर कुणाचा बनियन, दुसऱ्यात आरशात फोटो काढणाराच उभा. यापेक्षा मी बरे काढीन, असे तिच्या मनाने घेतले. भाऊ हसले. घर काय लाजतं का हसतं, त्याचे कसले फोटो काढायचे, म्हणाले.

पण पोरगी हट्टी. महिनाभर व्हिडिओ बघून ती घरातच शिकत होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावरचे डबे, तवा, मिक्सर सगळे उचलून पलंगावर ठेवायची आणि मोकळ्या ओट्याचे फोटो काढायची. आई भाकऱ्या कुठे थापू म्हणून ओरडायची. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पुन्हा कामाला लागलो होतो ना मी!

आणि एक दिवस काम आले. खोपोलीच्या सुनील दलालाकडे बारा बंगले विकायला होते. त्यातला कोंडाणे लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याचा एक त्याने प्राचीला फोटो काढायला दिला. संध्याकाळी सातच्या आत फोटो हवेत, मुंबईची पार्टी तेव्हा बघणार होती. पसंत पडले तर बाराही बंगल्यांचे काम प्राचीचे. नाहीतर तो मुंबईहून फोटोग्राफर बोलावणार होता, आणि पुन्हा विचारायला यायचे नाही, हेही त्याने सांगून ठेवले. भाऊंनीही बजावले, हे जमले नाही तर मुकाट्याने नोकरी बघायची. माझे काय होणार ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. भंगारवाला दर सोमवारी येतोच.

बंगल्यावर जना भेटली. शेजारच्या ठाकूरवाडीतली, बंगल्याची झाडलोट करणारी. तिने फरशी अशी पुसली होती की तीत माझे पाय दिसत होते. प्राचीने मला दिवाणखान्यात उभे केले आणि बापाची लेक ती, माझे पाय शेवटच्या टोकापर्यंत ताणले! खुर्चीवर चढली, कॅमेरा खाली झुकवला आणि फोटो काढत सुटली.

मला बोलता येत असते तर ओरडलो असतो. अगं, इथे कुणाच्या डोक्यांवरून बघायचे आहे? फोटोत फरशीच फरशी, भिंती झिंगल्यासारख्या कलंडलेल्या, दार पडायच्या बेतात. खिडकीतला डोंगर तर नुसता पांढरा डाग. तिने खोल्या बदलल्या, कोपरे बदलले, पण माझी उंची काही बदलली नाही. चार वाजले. प्राची पायरीवर बसली आणि तिचे डोळे भरून आले.

जना पाण्याचा तांब्या घेऊन आली. कॅमेऱ्यातला फोटो तिने बराच वेळ न्याहाळला.

"हे आमचं घर नाय गं," ती म्हणाली. "कावळा वरून बघतो तसं दिसतंय. मी काम झालं का हितं कट्ट्यावर बसते. हितनं बघ, केवढं मोठं दिसतंय."

प्राची तिच्या शेजारी दाराजवळच्या कट्ट्यावर बसली. आत बघितले. दिवाणखाना सरळ, ऐसपैस, आणि पलीकडच्या खिडकीत अख्खा डोंगर. ती ताडकन उठली आणि खट खट खट माझे पाय आत सारले. मला थेट बसलेल्या जनाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणून ठेवले. कॅमेरा अजिबात झुकवायचा नाही. माझ्या मानेत गवंड्याच्या पाणसळीत असतो तसा एक बुडबुडा आहे, तो तिने बरोबर मधोमध आणला. त्याबरोबर भिंती सरळ उभ्या राहिल्या!

मित्रांनो, त्यानंतरचे दोन तास काय सांगू! खोलीतला उजेड आणि खिडकीतला डोंगर एकाच फोटोत नीट येत नाही. म्हणून एकाच जागेवरून तीन फोटो काढायचे, एक काळोखा, एक मधला, एक लख्ख, आणि मागाहून ते एकात एक मिळवायचे. तिन्हींच्या मध्ये केसभरही हलायचे नाही, आणि हे माझ्याइतके कुणाला जमणार? श्वास रोखल्यासारखा उभा राहिलो मी. दिवस मावळताना प्राची मला घेऊन धावतच अंगणात गेली, जनाने आतले सगळे दिवे लावले आणि बंगला आतून पिवळाधमक झाला. जना तोंडावर पदर धरून बघतच राहिली. प्राचीने तिथेच मांडीवर लॅपटॉप घेऊन फोटो जुळवले. सातला पाच मिनिटे कमी असताना ते सुनीलला गेले.

आम्ही परत आलो तर सुनील स्वतः स्टुडिओत येऊन बसलेला. भाऊ त्याच्या समोर बसले होते.

"सगळे फोटो एवढे खालून का काढले?" त्याने विचारले.

प्राचीचा चेहरा उतरला. तरी तिने खरे ते सांगितले. "जनाकाकी बसून बघते, तेवढ्यावरून काढलेत."

सुनील हसला. पार्टी रविवारी सगळ्या घरादाराला घेऊन येत होती. त्या कट्ट्यावर बसून चहा प्यायचाय, असे म्हणत होती. बाकीचे अकरा बंगले प्राचीचे, उद्या सकाळी खालापूरपासून सुरुवात, एवढे सांगून तो गेलासुद्धा. प्राचीने आनंदाने मलाच मिठी मारली.

भाऊ उठले, फडके आणले आणि माझ्यासमोर बसून एकेक पाय उघडून आतून पुसू लागले.

"बाहेरनं आलीस का आधी याचे पाय पुसायचे गं," ते खाली मान घालूनच म्हणाले. "मी पुसले नाय. चुकलंच माझं."

मित्रांनो, मला आणखी काय हवे होते? तुमच्याही घरी माझ्यासारखे कुणी माळ्यावर पडले असेल, तर त्याला खाली घ्या, पुसा, कोरडे ठेवा. जुने झाले म्हणजे कामातून गेले असे नसते. आणि माझी काळजी करू नका. तिसरा पाय पुसून झाल्यावर भाऊंनी हळूच लेकीला विचारले, उद्या दिवे लावायला कुणीतरी लागेल ना, मी येऊ का?