पोत्याखालची आठ वर्षं

मित्रांनो, मी एक जुना रोलर आहे. रस्त्यावर खडी दाबत फिरतो तो नव्हे हं. तो लई मोठा, त्याची-माझी ओळखसुद्धा नाही. मी सायकलच्या सरावाचा रोलर. लोखंडी चौकटीत आडवे बसवलेले तीन ॲल्युमिनियमचे पाईप आणि एक रबरी पट्टा, एवढाच माझा संसार. सायकलचं पुढचं चाक एका पाईपवर, मागचं चाक दोन पाईपांच्या मधे, आणि मारायचं पायडल! चाकं गरागरा फिरतात, सायकल मात्र जागची हलत नाही. धरायला काही नाही, टेकायला काही नाही. तोल गेला की गेला.

माझा जन्म सोलापुरात, अक्कलकोट रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथं सिद्धाप्पा लेथवर यंत्रमागांचे सुटे भाग करून देतात. त्यांची मुलगी भुवनेश्वरी त्यांना अप्पा म्हणते आणि आई कमलम्माला अव्वा. म्हणून मीही तसंच म्हणतो. मला विचारतंय कोण!

भुवना पंधरा वर्षांची होती. शाळेच्या स्पर्धेत तिनं मोठमोठ्या मुलींना मागं टाकलं होतं. पण सराव करायचा कुठं? ती पहाटे मोहोळच्या बाजूला हायवेवर जायची. एकदा एक ट्रक तिला इतका खेटून गेला की पोरगी सायकलसकट रस्त्याकडेच्या मातीत गेली. घरी येऊन ती हसत सांगत होती, पण अप्पा ताटावरून उठले. जेवण तसंच टाकून ते शेडमध्ये आले आणि त्यांनी मला घडवायला घेतलं.

अप्पांचा एक नेम होता. लेथवरून उतरणारी प्रत्येक वस्तू ते डायल लावून बघायचे. डायल म्हणजे घड्याळासारखं एक मोजायचं यंत्र. फिरणारा भाग केसभर जरी वाकडा असला, तरी त्याचा काटा थरथरतो. पण माझ्या वेळी भुवना शेजारी उभी राहून सारखी नाचत होती.

"अप्पा, झाला की! चढू द्या की आता!"

"थांब गं, मोजू दे."

"तुमचा हात कधी चुकतो व्हय?"

अप्पा हसले आणि त्यांनी मला तसंच चौकटीत बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न मोजता काम हातावेगळं केलं.

पुढचे अकरा महिने माझ्या सुखाचे. रोज सकाळी भुवना ट्रॅकची सायकल घेऊन यायची. त्या सायकलला ब्रेक नसतो. चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतच राहतं. घामाचे थेंब माझ्यावर टपटप पडायचे. ती स्पर्धेला निघाली की मी मागं राहायचो. शर्यत कशी असते ते मी आजतागायत पाहिलेलं नाही. पण राज्याच्या स्पर्धेत तिला पदक मिळालं तेव्हा अप्पांनी माझ्या चौकटीवर थाप मारली होती. ती थाप मला अजून आठवते.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांना सुट्टी असते. ती धुवायची, तेलाच्या फडक्यानं पुसायची, हळदीकुंकू आणि झेंडूची फुलं वाहायची. हे काम दरवर्षी अव्वाचं. तिनं लेथ पुसला, ड्रिलचं मशीन पुसलं आणि माझ्याकडं वळली. "तूबी आमचाच की रे," असं म्हणून तिनं माझे तिन्ही पाईप तेलानं लखलखीत केले. माझी ती पहिलीच खंडेनवमी. मी नवरदेवासारखा सजलो होतो. पण मनात म्हणत होतो, अव्वा, नको गं, माझ्यावर चाक फिरतं.

दसऱ्याच्या सकाळी भुवना माझ्यावर चढली. राष्ट्रीय स्पर्धेला वीस दिवस उरले होते. तिनं वेग घेतला आणि मागचं चाक सर्रकन घसरलं. ती लेथच्या कडेवर आदळली. खांद्याजवळचं हाड मोडलं.

अप्पा तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. आवराआवर करायला अव्वा मागं राहिली. तिनं माझ्यावर बोट फिरवलं, बोटाला लागलेलं तेल पाहिलं. मग तिनं मला पदरानं कोरडं केलं आणि सायकलची चाकंही पुसली.

संध्याकाळी अप्पा आले. त्यांनी मला खालीवर पाहिलं. काही सापडेना. "तेव्हा मोजलं न्हाय मी," ते म्हणाले. "पाईप वाकडा असणार. माझाच हात चुकला." अव्वा दारात उभी होती. ती काही बोलली नाही. मला तोंड नाही, मित्रांनो. असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

बुशसारखी साधी धातूची कडीसुद्धा मोजल्याशिवाय गिऱ्हाइकाला न देणारा हा माणूस, पण मला मोजायला धजला नाही. त्यांनी मला कोपऱ्यात ढकललं आणि वर पोती टाकली.

भुवनाची ती स्पर्धा हुकली. हाड जुळल्यावर तिला दिल्लीच्या शिबिरात बोलावणं आलं. तिथं सरावाला खराखुरा ट्रॅक होता. पुढची सगळी बातमी मला लेथवर ठेवलेल्या फोनमधूनच कळली. ती राष्ट्रीय विजेती झाली, मग पुन्हा झाली, चार वेळा झाली. परदेशातून कांस्यपदक आणलं. गल्लीत पेढे वाटले, फटाके उडाले. पोत्याखाली मला फक्त आवाज आले. माझी आठवण कुणालाच नव्हती. फार एकटं वाटायचं.

प्रत्येक स्पर्धेआधी भुवना म्हणायची, "अप्पा, या की एकदा बघायला." अप्पा म्हणायचे, "काम लई हाय गं." फोनवर शर्यत लागली की ते फोन पालथा घालायचे.

अशी आठ वर्षं गेली. परवाच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "अप्पा, गुडघा आता ऐकत न्हाय. ही शेवटची शर्यत. आता तरी या."

"मी आलो की तू पडशील बाळ," अप्पा म्हणाले. "माझा हात तुला धार्जिणा न्हाय." आणि त्यांनी फोन ठेवला.

अव्वा चहा घेऊन दारात आली होती. कप खाली ठेवून ती म्हणाली, "तुमचा हात चुकला न्हवता. मी तेल लावलं होतं. खंडेनवमीला."

अप्पा बघतच राहिले. "आठ वर्षं?"

"आधी भ्याले. मग तुमी त्याबद्दल बोलायचंच सोडलं. मग कसं सांगू?"

अप्पांनी पोती फेकून दिली, मला ओढून बाहेर काढलं आणि एकेक पाईप लेथवर चढवून डायल लावला. पहिला पाईप फिरला. काटा हलला नाही. दुसरा, तिसरा. काटा जागच्या जागी. पुन्हा पहिला लावला. मग लेथ बंद करून अप्पा खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. अव्वा जवळ जायला भीत होती. बऱ्याच वेळानं त्यांनीच हात पुढं केला.

दोघंही शेडला कुलूप लावून दिल्लीला गेले. भुवना चौथी आली. अप्पांनी शेवटपर्यंत डोळे मिटले नाहीत म्हणे. अव्वानं तिथंच लेकीला सगळं सांगितलं. भुवना दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

आता भुवना दुसऱ्या गावी मुलींना शिकवते. मी शेडमध्ये भिंतीला टेकून उभा असतो. अंगावर पोतं नाही, पण माझ्यावर चढणारंही कुणी नाही. एकट्यानं राहायची सवय झाली आहे, माझं चालतं.

पण मित्रांनो, एक विनवणी आहे. हातून चूक झाली तर त्याच दिवशी सांगून टाका. रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत, एवढंच ना? माझी आठ वर्षं कोपऱ्यात गेली, त्याचं काही नाही. पण ज्या बापानं लेकीसाठी जेवण टाकून मला घडवलं, त्यानं आठ वर्षांत तिच्या जिंकलेल्या शर्यतींपैकी एकही पाहिली नाही. त्याला पाहायला मिळाली ती फक्त हरलेली.