चालू करून दाखवा

"तुमचंच नक्की समजा, फक्त एक प्रॅक्टिकल द्यायचं," असं प्रविण फोनवर म्हणाला आणि तेवढ्यावर आयशानं पुण्याच्या कंपनीतल्या मिळालेल्या नोकरीला नकार कळवून टाकला. येडीच पोरगी! पण तिचं तरी काय चुकलं? अब्बा जाऊन तीन वर्षं झालेली, अम्मी लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. दिवसा शेजारची खाला बघायची, पण रात्री अम्मीची कूस बदलायला आयशाच लागायची. केजहून सकाळच्या एसटीनं अंबाजोगाईला जायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं, अशी कॉम्प्युटरची नोकरी साऱ्या भागात ही एकच निघाली होती.

संस्था विठ्ठलरावांची. शाळा त्यांची, कॉलेज त्यांचं, गेटवरचा भलामोठा फोटोही त्यांचाच. प्रविण त्यांचा सख्खा भाचा. कॉम्प्युटरचं म्हणाल तर त्याला बटण दाबून चालू करता येई आणि बटण दाबून बंद करता येई. त्यानं आयशाला लॅबच्या कोपऱ्यातल्या मशीनवर बसवलं.

"ही आपली ॲडमिशनची वेबसाईट. मागचा पोरगा भांडून गेला, तवापासून बंद हाय. चालू करून दाखवा. जो चालू करील त्याचं सिलेक्शन. उद्यापासून पोरं फॉर्म भरणार हायत."

असलं कुठं प्रॅक्टिकल असतं का! पण विचारणार कुणाला? आयशानं प्रोग्राम सुरू केला. काळ्या खिडकीत लाल ओळ आली आणि प्रोग्राम बंद पडला. डेटाबेस सापडत नाही, एवढंच त्या ओळीचं म्हणणं. तिनं सेटिंगची फाईल उघडली.

फाईलच्या डोक्यावर दोन टिपा होत्या. 'सेटिंगची फाईलच नव्हती, नव्यानं लिहिली. राजनंदिनी, पाटोदा, ३ तारीख.' त्याखाली, 'पोर्टवर दुसराच प्रोग्राम चालू होता, पोर्ट बदललं. तानाजी, धारूर, ५ तारीख.' काम कुणी केलं ते साहेबांना कळावं म्हणून बिचाऱ्यांनी गावासकट नावं लिहून ठेवली होती. आयशानं प्रविणकडं मान वळवली.

"सर, माझ्याआधी कुणी आलतं का?"

"आलते की दोघं. जमलं न्हाई त्यांना. तुमी करा."

जमलं नाही? दोघांनीही एकेक खोट अगदी नीट काढली होती! आयशाला सगळं कळत होतं बरं का. एकेकाला बोलवायचं, फुकटात एकेक बिघाड काढून घ्यायचा आणि वाटेला लावायचं. पण तिनं स्वतःची समजूत घातली. त्यांच्यानं साईट चालू झाली नाही, म्हणून त्यांना घेतलं नसेल. माझ्यानं झाली तर मला घ्यावंच लागेल की.

मग ती कामाला भिडली. सेटिंगमध्ये जुन्या कागदांवरून उतरवलेला डेटाबेसचा पत्ता जुन्या मशीनचा होता आणि ते मशीन कधीच भंगारात गेलेलं. नवं मशीन कुठलं, हे लॅबमध्ये एकालाही ठाऊक नाही. एकेक पत्ता तपासत तिनं ते शोधून काढलं. दोन तास गेले. प्रविण समोर बसून चहा प्याला, हिला मेल्यानं पाणीसुद्धा विचारलं नाही. नवा पत्ता टाकून तिनंही वर टीप लिहिली, 'आयशा, केज, ९ तारीख.' आणि प्रोग्राम सुरू केला.

या खेपेला लाल ओळ आली नाही. पडद्यावर हात जोडलेले विठ्ठलराव उमटले. आयशाला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

प्रविणनं लगेच फोन लावला. "मामा, झाली चालू! न्हाई हो, बाहेरचं कोण कशाला? मीच केली." बोलता बोलता त्यानं माऊस ओढून घेतला आणि कर्मचाऱ्यांचं पान उघडलं. ऑफिसानं भरून ठेवलेली यादी सरसर वर आली. सगळ्यात खाली प्रविणचं नाव आणि फोटो. पुढं लिहिलं होतं, 'संगणक प्रोग्रामर, कायम. रुजू दिनांक १.'

पाटोद्याची राजनंदिनी तीन तारखेला आली होती. त्याच्याही आधी जागा भरलेली होती.

"सर, ही जागा तर..."

"हां, माझीच हाय ती," प्रविण म्हणाला. लाज नाही की संकोच नाही.

"मग माझं?"

"बघू की पुढच्या साली. हात चांगलाय तुमचा." त्यानं पडद्याकडं बोट केलं. "ह्यो माझा फोटो आडवा दिसायलाय बघा. तेवढा सरळ करून जा."

कीबोर्ड उचलून त्याच्या तोंडावर हाणायला पाहिजे होता! आयशाचा हात गेलाही कीबोर्डाकडं. पण पुण्याची वाट तिनंच बंद केली होती, आणि हा माणूस 'पुढच्या साली' म्हणाला होता.

तिनं फोटो सरळ केला.

"आता बराबर हाय का, सर?" तिनं विचारलं.