मशीन थांबलं की तोंड बंद

गाणं आलं तेच मुळी शत्रूच्या घरून. भावानं आत्यापुढे फोन धरला आणि म्हणाला, "ताई, हिनं मुलांसाठी पाठवलंय. अगदी सोपं आहे. रविवारपर्यंत एवढं बसवून घे ना."

हिनं म्हणजे त्याच्या नव्या बायकोनं. आत्या तिला फक्त 'नवी' म्हणायची, आणि तेही नुकत्याच आणलेल्या आणि तळाला लागणाऱ्या कढईबद्दल बोलावं तशा सुरात. नवी बालवाडीत शिकवायची. फोनमध्ये ती मान डोलवत, हातवारे करत गात होती.

बुटात माझ्या शिरला खडा,
म्हणतो कसा, मला घरी सोडा.
कुठे तुझं घर? नदीच्या तीरी.
चल मग, बस माझ्या टोपीवरी.

"शिकवते की," आत्या म्हणाली. ती इतकं गोड बोलली, तिथंच भावानं सावध व्हायला हवं होतं. पण नुकतंच लग्न झालेल्या माणसाला कसलं आलंय भान!

मुलांची आई गेली तेव्हा धाकटा पाळण्यात होता. भावाची नोकरी दुसऱ्या गावी, म्हणून दोन्ही पोरं आत्याच्या पदरात पडली. तिला ना नवरा, ना मूल. होतं ते एक पायमशीन आणि गिऱ्हाइकांचे कपडे. मुलगी तिच्याकडे वाचायला शिकली, धाकटा चालायला शिकला. धाकट्यानं एकदा शर्टाचं बटण गिळून सगळ्या घराच्या तोंडचं पाणी पळवलं, तेव्हापासून त्याचं नावच बटण पडलं. आणि आता म्हणे रविवारी नवी आपल्या आईला घेऊन येणार, मुलांना बघणार. मुलं मोकळेपणानं वागली, गाणंबिणं म्हटलं, तर सुट्टी लागली की न्यायची. कायमची. बुजली तर आणखी वर्षभर राहू दे आत्याकडे. हे सगळं भावानंच तिला सांगितलं, वर म्हणाला, "तुझ्यावरच आहे बघ आता."

होतंच तिच्यावर.

तरी सुरुवातीला तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. एका हॉटेलच्या पडद्यांचं काम अंगावर होतं. काम सोडून गाणी शिकवत बसायला वेळ कुणाला? तिनं मुलांना मशीनशेजारी उभं केलं आणि पाय चालू ठेवून एकेक ओळ म्हणून घेतली. पडद्याची शिवण लांब, सरळ. एका शिवणीत एक ओळ सहज बसायची. कोपरा आला की ती थांबून कापड फिरवायची, तेवढ्यात मुलंही दम घ्यायची. पाय दाबला की पुढची ओळ. दुसऱ्या दिवशी दोरा तुटला आणि बटण 'नदीच्या' म्हणून जो अडकला तो अडकलाच. सुईत दोरा ओवून होईपर्यंत दोघंही तोंड उघडं ठेवून मशीनकडे बघत उभी. चाक फिरलं आणि दोघं एकदम म्हणाली, "तीरी!"

आत्याला आधी हसू फुटलं. मग ती हसायची थांबली. तिच्या डोक्यात काय शिरलं ते सांगायला नको.

"हे बघा," ती म्हणाली, "या गाण्याचा नियमच आहे तसा. मशीन चालू असलं तरच म्हणायचं. मशीन थांबलं की तोंड बंद. कुणी कितीही म्हणू दे."

"बाबांनी सांगितलं तरी?" मुलीनं विचारलं. ती मोठी, तिला शंका फार.

"बाबांनी सांगितलं तरी. आणि हे आपल्या तिघांतच ठेवायचं."

बटणाला नियम फार आवडला. तो दिवसभर मशीन थांबलं की गाल फुगवून, ओठ मिटून फिरायचा. आत्या त्याचे गाल दाबायची आणि मनात म्हणायची, या आता न्यायला. बघू कशी नेताय.

रविवारी नवी आली, तिची आई आली. सोबत खाऊचा भलामोठा पुडा. आत्यानं तो न उघडता फळीवर ठेवला. मशीनवर तिनं सकाळीच जाड चादर घातली होती, चारी बाजूंनी नीट खोचून. नवीच्या आईनं खोलीभर नजर फिरवली, कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या ढिगावर ती जरा जास्तच रेंगाळली. "मुलं इथंच खेळतात का? सुया टाचण्या असतील ना हो?"

"असतात. पण मुलांना डोळे आहेत," आत्या म्हणाली.

भावानं घाईघाईनं मुलांना पुढे ढकललं. "चला, म्हणा. बुटात माझ्या..."

मुलं उभी. बटणाचे गाल फुगलेले, ओठ गच्च. मुलीनं एकदा चादरीकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि मान खाली घातली. नवीनं स्वतः सुरुवात करून दिली, टोपीची खूण केली, बुटाची खूण केली. तिचा आवाज त्या खोलीत एकटाच घुमत राहिला. आत्याला त्या घटकेला जे सुख झालं, ते तिनं कुणाला कबूल केलं नसतं.

"बुजतात हो," ती म्हणाली. "परकी माणसं दिसली की असंच. अजून तयार नाहीत पोरं."

भावाचं तोंड पडलं. आणि तो राग त्यानं बटणावर काढला. "चार ओळी येत नाहीत तुला? मठ्ठ आहेस का रे? बोल! तोंड उघड!"

बटण बोलला नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी ओठ मिटलेलेच. तो तसाच चालत आत्याजवळ आला, तिच्या कानाला लागून म्हणाला, "मी नाही म्हटलं हं, आत्या. बाबा ओरडले तरी नाही म्हटलं."

आत्यानं पदरानं त्याचे डोळे पुसले. तरीही ती गप्प बसली असती. वर्षभराचा प्रश्न होता. पण नवीची आई लेकीकडे वळली आणि आवाज कमी केल्यासारखं करून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "मुलगी ठीक आहे गं. हा धाकटा मात्र मंद वाटतो. असलं मूल तुला नाही झेपायचं. याला कुठं तरी ठेवायची सोय बघा म्हणावं."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मंद?" ती उठली. "माझा बटण मंद? तुमच्या लेकीचं ते नाचरं गाणं त्याला दोन दिवसांत पाठ झालंय!"

"ताई..." भाऊ म्हणाला.

"तू गप्प बस. मघाशी काय तोंड चाललं होतं तुझं!"

तिनं चादर ओढून जमिनीवर फेकली, स्टुलावर बसली आणि पाय दाबला. सुईखाली कापड नव्हतं, दोरा नव्हता. मशीन रिकामंच खडखडू लागलं. "म्हणा रे," ती ओरडली. "दाखवा यांना!"

आणि मुलं गायली. अशी गायली की नवी दोन्ही हात तोंडावर ठेवून बघत राहिली. खडा, बूट, नदी, टोपी, एक खूण चुकली नाही. बटण तर टोपीवरच्या खड्याला पडू न देता दोनदा गिरकी घेऊन आला, हे कुणी शिकवलंही नव्हतं. आत्या पाय मारत होती आणि नवीच्या आईकडे डोळे रोखून बघत होती. बघा. नीट बघा.

"अगंबाई," नवीची आई म्हणाली, "हा तर चांगला चुणचुणीत आहे की."

"बघितलंस?" भाऊ आनंदानं फुलून गेला. "आणि तू म्हणतेस तयार नाहीत! अगं, यापेक्षा तयार काय असतं? सुट्टीपर्यंत तरी कशाला थांबायचं? आजच नेतो. गाडी आहेच."

आत्याचा पाय थांबला. भांडण तिनं जिंकलं होतं. आता म्हणावं तरी काय, की मुलं मठ्ठच आहेत, नेऊ नका? नवी पुढे येऊन म्हणाली, "ताई, खरंच, किती छान शिकवलंत." त्यात टोमणा नव्हता, आणि आत्याला त्याचाच जास्त राग आला.

"कपडे वरच्या कप्प्यात आहेत," ती म्हणाली. "त्याला लोकरीचं काही घालू नका. अंगावर पुरळ उठतं. आणि लक्षात राहत नसेल तर लिहून घ्या."

ती आत जाऊन पिशवी भरू लागली. एकाच शर्टाची घडी तिनं पुन्हा पुन्हा घातली. बटण मागोमाग आला आणि पिशवीत डोकावत उभा राहिला.

"आत्या, तिकडे मशीन आहे?"

"नाही."

"मग मी गाणं कसं म्हणू?"

"तसंच म्हणायचं. मशीनशिवाय."

"चालतं?"

आत्यानं शर्ट पिशवीत कोंबला.

"चालतं रे," ती म्हणाली. "पहिल्यापासून चालत होतं."