दरबारी अक्षरं

छापखाना विकायचं ठरल्यावर तिने वडिलांच्या शिशाच्या खिळ्यांचा शेवटचा खण बाहेर ओढला. आत ब्लॅकलेटर हा जुन्या वळणाचा इंग्रजी टाइप होता. जाडजूड अंगाची, ताव दिलेल्या मिशांसारख्या टोकांची ती अक्षरं. वडील त्यांना दरबारी अक्षरं म्हणत. प्रमाणपत्राचा मथळा नाहीतर वर्तमानपत्राचं नाव, एवढ्यापुरतीच ती खणातून उठायची. लहानपणी तिने वहीवर आपलं नाव त्यांत छापून मागितलं, तेव्हा वडील खेकसले होते, "ही फालतू कामाला नाहीत." तो राग तिने चाळीस वर्षं जपला होता.

मथळ्यांत लागणारी अक्षरं झिजून बोथट झाली होती, बाकीची नव्यासारखी कोरी. तिच्या नावाचं पहिलं अक्षर कुठल्याच मथळ्यात लागत नसे, तरी सगळ्यांत जास्त झिजलेलं तेच.

"काका, हे कशाने झिजलं?" तिने जुन्या मशीनवाल्याला विचारलं.

"रोज सकाळी शाई बघायला तुझा बाप तुझंच नाव छापायचा की. अन् कागद लगेच चुरगाळायचा. म्हणायचा, पोरीने पाहिलं तर डोक्यावर बसेल."