परवान्याबाहेरची खुर्ची

मी पाच नंबरची खुर्ची बोलतेय. नुसतं खुर्ची म्हटलं की लोकांना साहेब आठवतो. मी तसली नाही. मी डायलिसिसची खुर्ची. किडन्या थकलेल्या माणसानं माझ्यावर चार तास टेकायचं, शेजारच्या मशीनमधून त्याचं रक्त धुऊन निघून परत त्याच्या अंगात जायचं, तोवर मी त्याला नीट धरून ठेवायचं, एवढंच माझं काम. आणि ते काम मी आजवर एकदाही केलेलं नाही.

कारखान्यात माझ्या हाताची शिवण एका बाईनं दोनदा उसवून पुन्हा घातली. मुकादम वैतागला, तर ती म्हणाली, "चार तास हात हलवता येत नाही हो त्या माणसाला. शिवण टोचली तर सांगणार कोणाला?" तेव्हाच मला कळलं, आपल्याकडे कोण येणार आहे ते.

मग मी इथं आले. औषधाच्या दुकानाशेजारी तळमजल्यावर एक छोटं केंद्र. चार खुर्च्या आधीपासून होत्या. खिडकीजवळच्या कोपऱ्यात मला आणि माझ्या मशीनला बसवलं. तंत्रज्ञ माझ्यावरचं प्लॅस्टिक ओढणार, तोच मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "थांब. भिंतीवर काय लावलंय ते वाच आधी."

भिंतीवर परवाना होता. त्यावर लिहिलं होतं, चार जागा.

"पाचवीची परवानगी येईपर्यंत हिच्यावर कोणी बसायचं नाही, हिचं मशीनही कोणाला लावायचं नाही. पिशवीसुद्धा ठेवायची नाही."

"किती दिवस लागतील?"

"महिनाभर," सिस्टर म्हणाल्या.

त्याला आता चौदा महिने झाले.

माझी वाट सगळ्यात जास्त कोणी पाहिली असेल, तर समोरच्या किल्लीवालीनं. रस्त्यापलीकडे तिची टपरी. जन्मभर लोकांच्या किल्ल्या बनवल्या, आणि पन्नाशीत किडन्यांनी हात टेकले. इथल्या चारही जागा भरलेल्या, म्हणून आठवड्यातून तीनदा सुनेला घेऊन ती नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात जाते. दोन तास जायला, दोन यायला. बसला जाताना दारातून डोकावून विचारायची, "काय सिस्टर, आलं का माझं आमंत्रण?" आणि नाही म्हटलं की माझ्याकडे बघून हसायची. "सगळ्या गावाची कुलपं उघडली मी. हिचंच तेवढं उघडेना."

परवाना कार्यालयाचे तपासनीस पहिल्यांदा आले ते टेप घेऊन. दोन खुर्च्यांमधलं अंतर चार बोटं कमी भरलं. बरोबरच होतं त्यांचं. कोणाला झटका आला तर मधून ट्रॉली जायला नको? सिस्टरांनी कपाट बाहेर काढलं, आम्हाला सरकवलं, पुन्हा अर्ज केला. अडीच महिन्यांनी तपासनीस परत आले. अंतर मोजलं, मान डोलावली आणि म्हणाले, "पाच जागांना हात धुवायची बेसिनं दोन लागतात."

"मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"मागच्या वेळी अंतरातच अडकलं ना."

बेसिन बसलं. मग पाण्याच्या तपासणीचा अहवाल जुना झाला. तो पाठवला तेव्हा ताजा होता, फाइल उघडेपर्यंत शिळा झाला. नवा पाठवला, तोवर त्या तपासनिसांची बदली झाली आणि अर्जाचा नमुनाही बदलला.

तंत्रज्ञ एकदा चिडून म्हणाला, "कशाला एवढं घाबरायचं? बसवू या एकेकाला. कोण बघतंय?"

सिस्टर हातातलं काम ठेवून त्याच्याकडे वळल्या. "माझ्या पहिल्या नोकरीत कोणीच बघायला येत नव्हतं. पाण्याचा फिल्टर बदलला नव्हता. एका सकाळी सहाच्या सहा पेशंट हुडहुडी भरून थरथरायला लागले. मी एकटी. कोणाकडे आधी धावू ते कळेना. त्यातले दोघं घरी गेले नाहीत. मला नियम हवेत रे बाबा. फक्त काय काय हवंय ते एकदाच सांगा म्हणावं!"

त्या दिवसापासून माझा राग कोणावर काढावा तेच मला कळेनासं झालं.

आणि मग नदीवरचा पूल बंद झाला. दुरुस्तीसाठी, तीन दिवस. किल्लीवालीची डायलिसिसची एक पाळी हुकली. चौथ्या दिवशीही पूल उघडला नाही. भर दुपारी सून तिला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. पाय सुजून फुगलेले, ओठ काळपट, दोन शब्द बोलायचे तर मध्ये श्वास घ्यावा लागत होता.

"सिस्टर, ही रिकामी खुर्ची दिसतेय ना तुम्हाला?" सून ओरडली. "बसवा तिच्यावर! आमच्या आईंना काही झालं तर कागद चाटत बसणार आहात का?"

सिस्टरांनी ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना फोन केला. दुसरा हात माझ्यावरच्या प्लॅस्टिकवर होता. माझ्या मनात एकच, ओढा, ओढा ते.

तेवढ्यात तीन नंबरवरचे मास्तर बोलले. निवृत्त शिक्षक, शिस्तीचे, कधी पाच मिनिटं कमी करू द्यायचे नाहीत. "माझे दोन तास झालेत. सोडवा मला. बाकीचं उद्या करू."

"मास्तर, तुम्हाला त्रास होईल."

"होऊ दे. पाणी कमी पिईन. त्यांना घ्या."

डॉक्टरांनी फोनवर होकार दिला. मास्तरांना सोडवलं. पण एकाचं मशीन दुसऱ्याला लावण्याआधी जंतुमुक्त करावं लागतं. त्याला चाळीस मिनिटं लागतात. ती चाळीस मिनिटं किल्लीवाली माझ्याशेजारी चाकाच्या खुर्चीत बसली, एक हात माझ्या हातावर टेकून. प्लॅस्टिकमधूनही तो हात गार लागत होता. मी तयार होते, माझं मशीन तयार होतं, पाणी तपासलेलं होतं. आणि ती वाट बघत होती.

ती वाचली. संध्याकाळी सुनेनं सिस्टरांचे हात धरले, पण माफी काही मागितली नाही, आणि सिस्टरांनीही ती मागू दिली नाही. मास्तर दुसऱ्या दिवशी आले ते धापा टाकतच. पुढचे चार दिवस त्यांना इस्पितळात काढावे लागले.

त्यानंतर सिस्टर स्वतः कार्यालयात गेल्या. परत आल्या त्या पदर खोचायचंही भान नसल्यासारख्या. तंत्रज्ञाला म्हणाल्या, "चारपेक्षा जास्त जागांचा अर्ज दुसऱ्या टेबलावर जातो म्हणे. आपली फाइल पहिल्यापासून चुकीच्या टेबलावर होती. कारकून म्हणाला, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल." आणि त्या हसल्या. रडण्यापेक्षा वाईट हसू होतं ते.

गेल्या आठवड्यात नव्या तपासनीस बाई येऊन गेल्या. त्यांनी सगळं पाहिलं, नळ उघडून पाहिले, सिस्टरांना उलटसुलट विचारलं. जाताना उरलेल्या तीन गोष्टी एकाच कागदावर लिहून सही करून दिल्या. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच. दोन झाल्यात. तिसरीचा, म्हणजे पाण्याच्या ताज्या अहवालाचा, पत्ता नाही.

तपासायला येणाऱ्या लोकांनो, माझं एवढंच ऐका. कसून तपासा. खोट दिसली तर मला बाहेर फेका, माझं काही म्हणणं नाही. पण यायचं ते वेळेवर या, आणि सांगायचं ते एकदाच सांगा. फाइल टेबलावर चौदा महिने पडून राहते, तिला काही होत नाही. किल्लीवालीला चौथा दिवस निघत नाही.

आज तिची पाळी आहे. टपरीला कुलूप लावून ती आणि सून आत्ताच बसकडे गेल्या. आज ती दारात थांबली नाही. तिनं विचारलंही नाही.