कानाची पाळी

मला माझ्या मुलीचा हेवा वाटतो. बापाने असं बोलू नये हे मलाही कळतं, पण पोटात दुखतंय ते दुखतंयच.

जन्मभर मी एका कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवत आलो. हिलाही मीच शिकवला. माझ्याच संघात खेळली, मोठी झाली आणि नदीपलीकडच्या कॉलेजात कोच म्हणून लागली. तिथवर सगळं छान होतं. ऊर भरून आला होता, ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगत सुटलो होतो. मग तिचा संघ जिंकायला लागला आणि माझा भरलेला ऊर हळूहळू ओसरायला लागला.

खेळाच्या सामानाच्या दुकानात बूट घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणतो, "तुम्ही कोच मॅडमचे बाबा ना?" अरे, या दुकानातून मी पोत्याने चेंडू नेलेत! तेव्हा हा आपल्या बापाच्या मागे उभा राहून शर्टाला नाक पुसायचा. मी बूट न घेताच घरी आलो.

एकदा गुपचूप तिचा सराव बघायला गेलो, दारातच उभा राहिलो. मुली तिला ताई म्हणत होत्या. कुणाचा पास चुकला की ही ओरडत नव्हती. "का चुकला गं?" एवढंच विचारायची, आणि ती पोरगी विचार करून चक्क उत्तर द्यायची. मध्येच सगळ्या खिदळायच्या. माझ्या सरावात हसणाऱ्याला मैदानाला फेऱ्या माराव्या लागतात. दुसऱ्या दिवशी मी माझ्या मुलींना म्हणालो, "हसा जरा." त्या घाबरल्या.

एवढ्यावर भागलं असतं, पण त्याच वर्षी विद्यापीठाच्या संघाचे कोच निवृत्त झाले. ती जागा मला हवी होती. तरुणपणापासून हवी होती, आणि दर वेळी कुणीतरी दुसराच तिथे जाऊन बसायचा. या वेळी माझ्यापुढे दुसरा कुणी उरला नव्हता. उरली होती ती माझी मुलगी. क्रीडा समितीचे सचिव मला जिन्यात गाठून म्हणाले, "अंतिम सामना तुमच्या दोघांतच होणार असं दिसतंय. जो जिंकेल त्याचं नाव पुढे करू, म्हणजे भांडणच नको." आणि हसले. त्यांचं काय जातंय हसायला!

आता खरी अडचण सांगतो. बाकावरून ओरडलेलं मैदानात ऐकू जात नाही, म्हणून मी खुणा करतो. कपाळावर हात नेला की पुढे घुसा, समोरच्यांच्या अंगावर जा. कानाची पाळी ओढली की मागे या, आपल्या बास्केटखाली उभ्या राहा. या खुणा मी कधीच बदलल्या नाहीत, आणि माझी मुलगी लहानपणी त्याच बाकावर पाय हलवत बसायची. घरीसुद्धा ही पाहुण्यांसमोर भलतंसलतं बोलायला लागली की मी कानाची पाळी ओढायचो आणि ही गप्प व्हायची. तिला माझा कान पाठ होता.

म्हणून सामन्याआधी मी खुणांची अदलाबदल केली. कान म्हणजे पुढे घुसा, कपाळ म्हणजे मागे या. मुलींकडून घोटून घेतलं. माझी कप्तान म्हणाली, "सर, आमचं ठीक आहे, पण तुमच्या लक्षात राहील ना?"

"आगाऊपणा नको," मी म्हणालो.

सामन्याच्या दिवशी बायकोला विचारलं, "कुणाच्या बाजूला बसणार?"

"खुर्ची मिळेल तिथे. अहो, सामना आहे, लढाई नाही."

ती मुलीच्या बाजूला बसली. तिकडे पंखा होता म्हणे.

सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. अगदी शेवटी आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि चेंडू त्यांच्याकडे. मनात एकच होतं, मागे या, मागे या, बास्केट सांभाळा. आणि माझा हात कुठे गेला? कानाकडे. जन्माची सवय ती. मी पाळी चांगली खेचली.

समोरच्या बाकावरून मुलीची नजर माझ्यावरच होती. तिने कान पाहिला, आम्ही मागे जाणार यावर विश्वास ठेवला आणि आपल्या मुलींना हाताने पुढे पाठवलं. लांबूनच बास्केटमध्ये टाकता येईल म्हणून सगळ्या पुढे पळाल्या, चेंडू आणायला मागे एकटी राहिली. आणि माझ्या शहाण्या मुली मी घोटून घेतल्याप्रमाणे त्या एकटीच्या अंगावर धावल्या. "अगं मागे!" मी ओरडत होतो. कोण ऐकतंय! माझ्या कप्तानने चेंडू हिसकावला, तिथल्या तिथे बास्केट केलं आणि शिट्टी वाजली.

आम्ही जिंकलो. लोकांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं. सचिव हात दाबत म्हणाले, "काय डोकं चालवलंत! पोटच्या पोरीला हूल दिलीत! ठरवूनच ना?"

"ठरवूनच," मी म्हणालो. तोंडातून गेलं ते गेलं. उलट बरं वाटलं. म्हटलं, कळू दे जरा सगळ्यांना, बाप कोण आहे ते.

तेवढ्यात गर्दीच्या पलीकडे मुलगी दिसली. हरलेली, घामेजलेली, तिच्या रडणाऱ्या मुलींना थोपटत उभी. ती माझ्याकडेच बघत होती. तिने हसून हळूच स्वतःच्या कानाची पाळी ओढली. पाहुण्यांसमोर भलतंसलतं बोलू नको, बाबा.

तिला सगळं कळलं होतं. मला माझ्या मुलींना मागेच बोलवायचं होतं हे तिने बरोबर ओळखलं होतं, अर्थ बदलून मीच विसरलो हेही. आणि ती कुणाला काही बोलणार नव्हती.

मी सचिवांचा दंड धरला. "साहेब, खोटं बोललो. मला बचाव करायचा होता. मी चुकीची खूण केली. माझ्या मुलीचा अंदाज बरोबर होता. माझ्या मुली मागे आल्या असत्या तर तीच जिंकली असती."

सचिव खो खो हसले. "ऐका, ऐका! पोरीला वाईट वाटू नये म्हणून केवढा हा मोठेपणा! अहो, असाच माणूस हवाय आपल्याला."

टाळ्या वाजल्या. सगळ्यांत आधी वाजवल्या त्या तिने.

त्या जागेवर आता मी आहे. लोक मला चतुर समजतात आणि वर मनाचा मोठाही समजतात. मी यातला काहीच नाही हे फक्त तिला माहीत आहे. तरी परवा घरी आली तेव्हा माझ्या ताटाशेजारी ताट घेऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी खुणा बदलल्यास की मला आधी सांग हं, निदान तुझ्या लक्षात तरी राहील." आणि पोट धरून हसली. मनात जराही अढी नाही.

एवढं मन तिने कुणाकडून घेतलं कुणास ठाऊक. माझ्याकडून तर नाहीच. आणि आता मला सगळ्यात जास्त हेवा त्याचाच वाटतो.