शेवाळासकट कचेरी

हेडक्लार्क अरविंद सावर्डेकरांचा अर्ध्या आयुष्याचा अनुभव असा, की साहेबाचा हुकूम तोंडी असतो आणि सही मात्र आपली असते. सिल्वासातली पोर्तुगीज काळातली जुनी कचेरी चितारायला नाकाहारा नावाचे वयस्क जपानी चित्रकार आले, तेव्हा परवानगीच्या कागदावर अरविंदरावांनीच लिहून दिलं होतं, चित्र पुरं होईपर्यंत इमारतीला हात लागणार नाही. सही, शिक्का, तारीख.

शनिवारी साहेबांनी चित्रात डोकावून पाहिलं आणि ते हबकलेच. म्हातारा भिंतीवरचा शेवाळाचा एकेक डाग मन लावून कागदावर उतरवत होता.

"सावर्डेकर, हा आपलं शेवाळ जपानात दाखवणार! उद्या रविवार. रंग मारून घ्या."

पाहुणा आला की भिंत रंगवायची, हा सरकारी पाहुणचार. नाकाहारा रविवारी दादऱ्याचा तलाव बघायला जाणार होते, तेवढाच आधार. अरविंदरावांनी झुंबर नावाच्या रंगाऱ्याला निरोप धाडला आणि स्वतः रविवारभर त्या बाजूला फिरकले नाहीत.

सोमवारी सकाळी पोचतात तर नाकाहारा आधीच स्टुलावर हजर. समोर कचेरीची डावी बाजू पिवळीधमक, उजवी जशीच्या तशी कळकट. अरविंदरावांच्या डोळ्यांपुढे तो कागद आणि खालची ती सही नाचू लागली.

"अरे, अर्धवट का सोडलंस? मारलास तर पुरता तरी मारायचा!" ते भिंतीपाशी रंगाचा डबा घेऊन बसलेल्या झुंबरवर खेकसले.

"सायेब, त्या बाबाचं जेवढं काढून झायेल होतं, तेवढंच रंगवेल आहे," धुळ्याकडचा झुंबर शांतपणे म्हणाला. "शनिवारी मागं उभं राहून पाहेल ना मी. गवंड्याचा हात निघाल्याबिगर रंगाऱ्यानं लागायचं नाही. तो बी गवंडीच समजा. कागदावरचा."

नाकाहारांनी मोबाइल पुढे धरला. त्यातली भाषांतर करणारी बाई कडक हिंदीत बोलली, "बायाँ भाग पूर्ण है. दायाँ भाग दो दिन में. कृपया प्रतीक्षा करें."

मग म्हातारा झुंबरपुढे कमरेतून वाकला. झुंबरही वाकला, आणि आपण कमी पडायला नको म्हणून आणखी थोडा वाकला.

अरविंदरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. सकाळचा राहिलेला चहा एकदम आठवला. तेवढ्यात साहेबांचा फोन.

"टप्प्याटप्प्यानं चाललंय, सर. चित्रकारांच्या सोयीनं."

"वा! नियोजन कुणाचं?"

"आमचं," अरविंदराव म्हणाले. एवढ्या सुटकेनंतर निम्मं श्रेय झुंबरसाठी सोडायला त्यांची हरकत नव्हती.